डिजिटल साधनांचा वापर : स्थानिक व स्थलांतरित विद्यार्थी (गोवा)

मूळ गोमंतकीय मुले आणि कामधंद्यासाठी परराज्यांतून गोव्यात आलेल्या कुटुंबांतील मुले मोबाइल, टॅब, संगणक व इंटरनेट कशासाठी आणि कसे वापरतात, याचा अभ्यास. शिक्षणशास्त्र, समाजभाषाविज्ञान व स्थलांतराचा अभ्यास या तिन्हींच्या सीमेवर हा विषय येतो.

संज्ञा : ‘स्थानिक’ व ‘स्थलांतरित’ हे शब्द येथे दोन अर्थांनी येतात आणि त्यांची गल्लत वारंवार होते. एक अर्थ जन्मस्थानाचा. दुसरा रूपकात्मक : संगणकयुगात जन्मलेले ते ‘डिजिटल मूलनिवासी’ आणि मोठेपणी हे तंत्र शिकलेले ते ‘डिजिटल स्थलांतरित’. या जोडीचे जनकत्व सामान्यतः अमेरिकन लेखक मार्क प्रेन्स्की यांच्या २००१ मधील लेखाला दिले जाते. तथापि इंटरनेट-स्वातंत्र्याचे अमेरिकन पुरस्कर्ते जॉन पेरी बार्लो यांनी फेब्रुवारी १९९६ मध्ये दाव्होस येथून प्रसृत केलेल्या सायबरस्पेसच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात, मुले ज्या जगाची मूळ रहिवासी आहेत त्यात पालक कायम उपरेच राहणार, अशा आशयाचे विधान आढळते. कल्पना बार्लो यांची व शिक्षणक्षेत्रातील तिचा प्रसार प्रेन्स्की यांचा, असे मानणे अधिक सयुक्तिक होय. स्यू बेनेट, कार्ल मेटन व लिसा केर्विन या संशोधकांनी २००८ मध्ये या विभागणीमागील पुरावा अपुरा असल्याचे दाखवले. त्याआधी २००२ मध्ये समाजशास्त्रज्ञ एस्टर हार्गिटाय यांनी साधन हाती असणे व ते वापरता येणे यांतील अंतराला ‘दुसऱ्या पातळीवरील डिजिटल दरी’ म्हटले होते. गोव्यातील परिस्थितीला हार्गिटाय यांचे हे विवेचन अधिक लागू पडते.

जन्मस्थानाचा निकषही सरळ नाही. ‘पिसा’ या शालेय विद्यार्थ्यांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत आईवडिलांपैकी एकाचा जरी जन्म त्या देशात झालेला असला, तरी विद्यार्थी स्थानिक धरतात. देशांतर्गत स्थलांतराला हे माप चालत नाही. भारतीय जनगणना जन्मस्थान आणि आधीच्या वास्तव्याचे ठिकाण असे दोन्ही निकष लावते. गोव्यात सरकारी नोकरीसारख्या व्यवहारात चालतो तो तिसराच, पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा दाखला. ‘गोंयकार’ (गोव्याचा) आणि ‘भायलो’ (बाहेरचा) ही बोलीतली रेघ तर यांपैकी कशाशीच जुळत नाही. वास्को शहरातील बायण्यात जन्मलेला, घरी कन्नड, शाळेत मराठी आणि मैदानावर कोकणी बोलणारा मुलगा कोणत्या रकान्यात घालावा, हे ज्याच्या-त्याच्या निकषावर ठरते.

साधने : सरकारी पातळीवर २००२ च्या सुमारास ‘सायबरएज’ योजनेतून अकरावीच्या विद्यार्थ्यांना संगणक देण्यात आले. २०१२ नंतर हीच योजना टॅबच्या रूपाने पाचवी-सहावीपर्यंत खाली आणली गेली. घरातील साधन म्हणजे बहुधा मोबाइलच. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्यावर अपेक्षित चित्र काही ठिकाणी उलटे दिसले. सांगे, काणकोण, सत्तरी या डोंगराळ तालुक्यांतील स्थानिक मुलांना रेंजसाठी टेकडी चढावी लागली. वास्को, झुआरीनगर, म्हापसा येथील स्थलांतरितांच्या वस्त्यांत रेंज होती; पण घरातला एकमेव फोन वडिलांबरोबर कामावर जाई आणि नेट पॅक संपला की वर्गही संपे. टाळेबंदीत गावी परतलेल्या कुटुंबांतील मुलांचा शाळेशी संबंध उरला तो याच फोनमुळे.

भाषा व लिपी : हा भाग सहसा दुर्लक्षिला जातो. स्थानिक हिंदू घरांत बोली कोकणी व लेखन-वाचन मराठी अशी वाटणी जुनी आहे; मोबाइलवर मात्र दोन्ही भाषा सर्रास रोमन लिपीत टंकल्या जातात. देवनागरी कळफलक हाताशी असूनही असे होते, हे भाषाशिक्षकांना खटकते. गूगलच्या भाषांतर सेवेत कन्नड २०११ मध्ये आली, मराठी २०१३ मध्ये. कोकणी मे २०२२ मध्ये, आणि तीही भोजपुरीबरोबर. म्हणजे या साधनाच्या बाबतीत कर्नाटकातून आलेल्या विद्यार्थ्याची मातृभाषा यजमान भाषेच्या, म्हणजे कोकणीच्या, अकरा वर्षे पुढे होती. ज्या पालकांना वाचता येत नाही, त्यांच्या घरी आवाजावरून शोध घेण्याची सोय विशेष उपयोगी ठरते.

मध्यस्थीची भूमिका : स्थलांतरित घरांतील मोठे मूल अनेकदा कुटुंबाचा कारकून असते. आधार, रेशन, रेल्वेचे तिकीट, बँकेचा संदेश, शाळेचा अर्ज हे सारे तेच वाचते व भरते. समाजभाषाविज्ञानात मुलांच्या अशा कामाला ‘भाषिक मध्यस्थी’ म्हणतात. हे कौशल्य गुणपत्रिकेत कोठेच उमटत नाही. स्थानिक सुशिक्षित घरांतील मुलांवर हा भार कमी. त्यांचा वेळ खेळ, चित्रफिती व शिकवणीच्या ॲपकडे वळतो.

स्थानिक मुलांतही एक गट स्थलांतराशी जोडलेला आहे. तारवटी (जहाजावर काम करणारे) किंवा आखातात नोकरी करणाऱ्या गोमंतकीयांच्या घरी व्हिडिओ कॉल समुद्रापलीकडून येतो. झुआरीनगरच्या खोलीतून तो घाटापलीकडच्या गावी लावला जातो.