डिसेंबरचा धक्का, ऑगस्टचं पाणी

‘कोयना परिसराला भूकंपाचा सौम्य धक्का, धरण सुरक्षित.’ पाटण-कराडकडच्या पेपरात ही बातमी अधूनमधून येतेच. मग चहाच्या टपरीवर निकाल लागतो: ‘शंभर टीएमसीचा भार छातीवर घेतल्यावर जमीन हलणारच की!’ हे पटकन पटतं, शाळेतही असंच सांगितलेलं असतं. पण वजनाचा हा हिशेब मांडला तर तो जमत नाही.

एक टीएमसी म्हणजे सुमारे २.८३ कोटी घनमीटर पाणी. कोयनेची आजची क्षमता १०५.२५ टीएमसी, म्हणजे जवळजवळ २९८ कोटी टन. आकडा दडपून टाकणारा आहे. पण शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात भीमेवरच्या उजनीत ११७ टीएमसी मावतं, आणि तिथे असा भूकंपांचा सिलसिला नाही. उजनीचं तळं पसरट आणि उथळ आहे हे मान्य. मग कोयनेचंच बघा. शिवसागर जलाशय धरणापासून उत्तरेला बामणोली-तापोळ्याकडे पन्नासेक किलोमीटर पसरलाय. वजनानेच जमीन हलत असती तर धक्के त्या लांबीभर विखुरले असते. प्रत्यक्षात त्यांची गर्दी आहे धरणाच्या आसपास आणि दक्षिणेला, वारणेच्या बाजूला, साधारण वीस बाय तीस किलोमीटरच्या पट्ट्यात. तळं एकीकडे आणि धक्के दुसरीकडे, असंच जवळपास.

नदीची वाटही विचित्र आहे. कोयना महाबळेश्वरी उगवते आणि पूर्वेला जायचं सोडून सह्याद्रीच्या कडेकडेने साधारण ६५ किलोमीटर सरळ दक्षिणेला जाते. हेळवाकला काटकोनात वळते, पाटणवरून कराडला येते आणि प्रीतिसंगमावर कृष्णेला समोरासमोर भिडते. एवढी लांब सरळ रेघ नदी सहसा आपल्या मनाने ओढत नाही. खडकातल्या भेगांची दिशा पाण्याला सोपी पडते, आणि इथल्या भूकंपांच्या मुळाशी असलेला भ्रंशपट्टाही (भ्रंश म्हणजे जिथे खडक तुटून दोन बाजू सरकू शकतात ती भेग) साधारण उत्तर-दक्षिणच आहे. हेळवाकच्या त्या वळणाजवळ, कोयनानगरला, १९५० च्या दशकात काम सुरू होऊन १९६४ पर्यंत पायापासून १०३ मीटर उंचीचं आणि ८०० मीटरपेक्षा थोडं जास्त लांबीचं रबल काँक्रीटचं धरण उभं राहिलं. हेतू वीज. घाटमाथ्यावरचं पाणी बोगद्यांतून पश्चिमेला पोफळी आणि अलोऱ्याच्या वीजगृहांत सोडायचं आणि चिपळूणच्या वाशिष्ठीला मिळू द्यायचं. म्हणजे बंगालच्या उपसागराकडे निघालेलं पाणी अरबी समुद्रात. कृष्णेचं पाणी राज्यांत वाटून देणाऱ्या कृष्णा लवादाने या पश्चिमेच्या वाटेला वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातली, आणि ते वर्ष १ जूनला सुरू होतं.

आता मूळ मुद्दा. पाच किलोमीटर खोलीवर वरच्या खडकाचा दाब साधारण १३५० बार असतो (एक बार म्हणजे ढोबळमानाने हवेचा आपल्यावरचा दाब). नदीच्या तळापासून धरणाची उंची ८५ मीटर, म्हणजे तुडुंब तळ्याचा तळाशी दाब फार तर साडेआठ बार. १३५० मध्ये साडेआठ, शेकड्याला एकसुद्धा नाही. खाली जाताना तो पसरून आणखी पातळ होतो. अशा भाराने पाच किलोमीटर खालचा खडक मोडत नाही.

मग काय होतं? स्वयंपाकघरात बघा. गरम पाण्याने विसळलेली स्टीलची वाटी ओल्या ओट्यावर पालथी ठेवली की ती कधीकधी आपोआप सरकायला लागते. भुताटकी नाही. आत कोंडलेली हवा गरम होऊन फुगते आणि वाटीचं थोडं वजन स्वतःवर घेते. वाटी हलकी झालेली नसते, पण कडेचा ओट्यावरचा दाब कमी होतो, त्याबरोबर घर्षणही कमी होतं, आणि ओट्याचा अगदी थोडा उतार पुरतो. भूगर्भात हवेच्या जागी पाणी असतं. भ्रंशाचे दोन्ही काठ एकमेकांवर घट्ट दाबलेले असतात आणि त्यांच्यामधल्या बारीक फटीत, छिद्रांत पाणी असतं. त्या पाण्याचा दाब वाढला की काठांची पकड सैल होते. याला छिद्रदाब म्हणतात.

आकडे घालू. समजा फटीतल्या पाण्याचा मूळ दाब ५०० बार आहे. काठांना आवळून धरणारा दाब उरतो १३५० वजा ५००, म्हणजे ८५०. घर्षणगुणांक (आवळणाऱ्या दाबाच्या किती पट घर्षण) ०.६ धरला तर पकड ५१० बार. भारतीय भूखंड उत्तरेला ढकलला जातोय, त्याचा ताण या भ्रंशावर हजारो वर्षं साठत आलाय. समजा तो ५०९.५ वर पोचलाय. भ्रंश अजून थांबलेला आहे. आता छिद्रदाब फक्त एक बारने वाढला, तर पकड ०.६ ने घटते, ५०९.४ होते, आणि भ्रंश सटकतो. बंदूक आधीच भरलेली होती, पाण्याने फक्त चाप ओढला. उलट ताण ४०० वर असता तर दहा कोयना भरूनही काही झालं नसतं. बाकीची बहुतेक धरणं गप्प का, याचं मुख्य उत्तर हेच.

पण दाब पाच किलोमीटर खाली पोचतो कसा, आणि किती दिवसांत? ठिबकवर ऊस करणाऱ्याला हे सांगावं लागत नाही. मोटर सुरू केली तरी लांबच्या टोकाच्या तोटीला दाब उशिरा येतो. खडकात तर नळी नाही, केसाएवढ्या भेगांचं जाळं आहे, तेही लवचीक. पाणी स्वतः तळ्यातून खालपर्यंत जावं लागत नाही, दाब एका भेगेकडून दुसरीकडे हस्तांतरित होतो. लागणारा वेळ ढोबळमानाने असा: अंतराचा वर्ग, भागिले विसरणांकाची (दाब खडकात किती झपाट्याने पसरतो त्याच्या मापाची) चौपट. विसरणांक सेकंदाला १ चौरस मीटर धरला तर ५ किलोमीटरला ६२.५ लाख सेकंद, म्हणजे ७२ दिवस. अडीच किलोमीटरला फक्त १८ दिवस, आणि दहा किलोमीटरला साडेनऊ महिने. अंतर दुप्पट झालं की वेळ चौपट. ऑगस्टअखेर भरलेल्या तळ्याचा दाब नोव्हेंबर-डिसेंबरला खाली जाणवतो तो असा. कोयनेच्या नोंदींत धक्क्यांची एक लाट पावसाळा संपता संपता आणि दुसरी डिसेंबरच्या आसपास दिसते. तळं उतरू लागलं की फेब्रुवारी-मार्चलाही हालचाल होते. हा हिशेब छान जुळतो म्हणून त्याचं पंचांग करू नये. भेगाळलेल्या खडकाचा विसरणांक ०.१ ते १० असा शंभर पटींत बदलतो, त्यामुळे तारीख सांगणारा फॉरवर्ड आला तर तो पुढे पाठवण्याच्या लायकीचा नाही.

११ डिसेंबर १९६७, पहाटे ४ वाजून २१ मिनिटं. भूकंप ६.३ तीव्रतेचा, पावणेदोनशेवर माणसं गेली, कोयनानगर जमीनदोस्त झालं. त्या वर्षी तळं आधीपेक्षा वर भरलं होतं आणि वरच्या पातळीला जास्त दिवस टिकलं होतं. धरणाचा आराखडा गुरुत्वाच्या ५ टक्के आडव्या धक्क्यासाठी होता, तर धरणातल्या यंत्राने नदीच्या दिशेने जवळपास ४९ टक्के नोंदले. धरण टिकलं, पण तडे गेले, आणि जिथे जायचे तिथेच गेले: पायापासून ६६.५ मीटरवर. तिथे मागच्या बाजूचा उतार एकदम बदलतो. तळाशी ७० मीटर रुंद असलेला छेद तिथे १९ मीटरवर येतो आणि वरचा भाग काठीसारखा झुलतो. नंतर मागून काँक्रीटचे टेकू देऊन तो भाग जाड केला.

‘छोटे धक्के बरे, ताण निघून जातो,’ हाही लाडका समज. तीव्रता एकाने वाढली की ऊर्जा सुमारे ३२ पट होते. ६.३ चा एक भूकंप टाळायचा तर ४.३ चे हजारभर व्हायला हवेत. कोयना-वारणा भागात अर्ध्या शतकात ४ च्या वरचे झाले दोनशेच्या आसपास.

वारणेचं चांदोली धरण (सांगलीच्या शिराळा तालुक्यातलं) १९८५ पासून भरू लागलं आणि काही वर्षांत धक्क्यांचा जोर दक्षिणेला सरकला. खाली नेमकं काय आहे हे बघायला गोठण्याला २०१७ पर्यंत तीन किलोमीटर खोल विंधन केलं गेलं. त्याचं काम कराडजवळच्या हजारमाचीच्या प्रयोगशाळेतून चालतं. बेसाल्टचा थर निघाला सुमारे १२५० मीटर आणि त्याखाली थेट ग्रॅनाइट, मधे गाळाचा खडक नाही. या भोकाने भूकंप थांबणार नाही, तो हेतूही नाही.

संशोधकांची सूचना अशी की पातळी आठवड्यात १२ मीटर, म्हणजे ४० फुटांहून वेगाने वाढू देऊ नये. कागदावर सोपं आहे. तळं भरत आलं की पाण्याचा विस्तार ११५ चौरस किलोमीटरच्या घरात जातो आणि एक टीएमसीने पातळी जेमतेम पाऊण फूट चढते. पण जुलैत पाण्याने तळ गाठलेला असतो, दरी अरुंद असते, तेव्हा तेवढंच पाणी कितीतरी जास्त पातळी चढवतं. वेग नेमका तिथेच वाढतो. तो आवरायचा तर पाणी खाली सोडायचं, आणि खाली कृष्णा आधीच दुथडी. सांगलीच्या आयर्विन पुलाशी ४० फुटांवर इशारा आणि ४५ फुटांवर धोका. त्यामुळे जुलैच्या रात्री विसर्ग ठरवणाऱ्याच्या समोर आयर्विनचा आकडा आधी असतो, भूकंपमापीचा नंतर.