मॉड्यूल हे एकट्याचे काम नव्हते

२०२० ते २०२२ या काळात कॉलेजांमधून एक पाहणी वारंवार झाली. प्राध्यापकांनी घरी बसून तयार केलेल्या मॉड्यूलबद्दल, म्हणजे स्वतः वाचून शिकायच्या धड्यांबद्दल, विद्यार्थ्यांना काय वाटते, ते गूगल फॉर्मवर विचारायचे. वीस-पंचवीस विधाने, प्रत्येकापुढे ‘पूर्ण सहमत’ ते ‘पूर्ण असहमत’ असे पाच पर्याय. उत्तरांचा सूरही बहुतेक ठिकाणी सारखाच: भाषा समजते, मजकूर अभ्यासक्रमाला धरून आहे, परीक्षेला उपयोग होतो, पण शंका विचारायला कोणी नाही, लिहून पाठवलेले तपासून परत येत नाही, पाने फार आहेत आणि मोबाइलवर वाचवत नाही.

यातली एकही तक्रार महामारीत जन्मलेली नाही. टपालाने धडे जाऊ लागले तेव्हापासून त्या आहेत, आणि साधारण १९६० ते १९९० या तीस वर्षांत त्यांतल्या बहुतेकांवर उपायही सापडले होते. मात्र त्या उपायांमागे एक गृहीत होते: मॉड्यूल पाच-सात जण मिळून करतात. २०२०मध्ये ते एकट्याने, आठवड्याभरात करायची वेळ आली. विद्यार्थ्यांची मते वाचताना हे ध्यानात असले की त्यांचा अर्थ बराच बदलतो.

ब्रिटनमध्ये १८४०मध्ये पेनी पोस्ट, म्हणजे एका पेनीत देशभर पत्र पोचवणारे टपाल, सुरू झाले आणि त्याच सुमाराला आयझॅक पिटमनने आपली लघुलिपी टपालाने शिकवायला घेतली. विद्यार्थी सराव करून पाठवायचे, चुका दुरुस्त होऊन कागद परत यायचा. म्हणजे धडा जाणे आणि उत्तर परत येणे, ही दोन्ही टोके पहिल्यापासून होती. भारतात दिल्ली विद्यापीठाने १९६२मध्ये पत्रद्वारा शिक्षण सुरू केले, मुंबई विद्यापीठाने १९७१मध्ये. नोकरी सांभाळून बी.ए., बी.कॉम. करणाऱ्यांची मोठी सोय झाली, पण त्या काळचा धडा म्हणजे बहुतांशी वर्गातले व्याख्यान कागदावर उतरवलेले. वर्गात सर मध्येच थांबतात, समोरचे चेहरे बघतात, पुन्हा सांगतात; कागद थांबत नाही. पुढची सगळी धडपड कागदाला थांबायला शिकवण्याचीच आहे.

त्याची सुरुवात अमेरिकेत झाली. मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी १९५४पासून शिकवणाऱ्या यंत्रांची कल्पना मांडली: मजकुराचे छोटे तुकडे करा, प्रत्येक तुकड्यानंतर एक प्रश्न द्या, उत्तर लगेच दाखवा. नॉर्मन क्राउडर यांनी त्यात महत्त्वाची भर घातली. चूक उत्तर निवडणाऱ्याला नुसते ‘चूक’ म्हणायचे नाही. त्याची चूक कुठे झाली ते सांगणाऱ्या वेगळ्या पानावर त्याला न्यायचे. पर्ड्यू विद्यापीठात सॅम्युअल पोस्टलथवेट यांनी १९६१मध्ये वनस्पतिशास्त्राचे धडे टेपवर भरून, सोबत प्रत्यक्ष नमुने ठेवून, विद्यार्थ्याला आपल्या गतीने शिकू दिले. फ्रेड केलर यांनी १९६८मध्ये मांडलेल्या पद्धतीत अभ्यासक्रम घटकांत विभागलेला असे. एका घटकाच्या चाचणीत प्रभुत्व दाखवल्याशिवाय पुढचा मिळत नसे आणि नापास झाल्याबद्दल दंड नसे. चाचणी तिथल्या तिथे तपासून समजावायला वरच्या वर्गातले विद्यार्थी बसत. आज आपण मॉड्यूल म्हणतो त्याचे जवळजवळ सगळे भाग इथे आले. या योजनांमधला सर्वांत महाग भाग म्हणजे तपासणारा माणूस, आणि नकला करताना सर्वांत आधी गळाला तोही तोच.

ब्रिटनचे ओपन युनिव्हर्सिटी १९६९मध्ये सनद मिळून उभे राहिले आणि १९७१मध्ये त्याचे पहिले विद्यार्थी शिकू लागले. तिथे अभ्यासक्रम एका लेखकाच्या नावाने निघत नसे. विषयतज्ज्ञ, संपादक, शिक्षणतंत्राचा जाणकार आणि बी.बी.सी.चा निर्माता असा गट बसायचा. मसुद्यावर सहकारी तुटून पडायचे आणि काही अभ्यासक्रमांत तो छापण्याआधी थोड्या विद्यार्थ्यांना देऊन बघितला जाई: कुठे अडले, किती वेळ लागला, कोणता प्रश्न सोडून दिला. विद्यार्थ्यांचे मत पुस्तक छापण्यापूर्वी घ्यायचे असते, ही साधी गोष्ट तेव्हा कामाच्या रीतीत बसलेली होती. दूरशिक्षणाचे अभ्यासक, स्वीडनचे बर्ये होल्मबर्ग, सांगत होते की छापील धडा संवादासारखा लिहा, वाचणाऱ्याशी थेट बोला. त्याच विषयातले दुसरे अभ्यासक मायकेल मूर यांचे म्हणणे होते की दूरशिक्षणातले खरे अंतर मैलांत मोजायचे नसते. संवाद कमी आणि रचना ताठर असली की शेजारी बसलेला विद्यार्थीही दूरच असतो.

भारतात आंध्र प्रदेशात १९८२मध्ये पहिले मुक्त विद्यापीठ निघाले, १९८५मध्ये इग्नू (इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ) आणि १९८९मध्ये नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ. नाशिकचे पहिले कुलगुरू राम ताकवले पुढे इग्नूचेही कुलगुरू झाले. मराठीत ‘स्वयंअध्ययन साहित्य’ हा शब्द आणि घटकाचा ठरलेला साचा या पिढीने रुजवला: उद्दिष्टे, प्रास्ताविक, विषय-विवेचन, मध्ये मध्ये ‘प्रगती तपासा’, सारांश, पारिभाषिक शब्द, उत्तरे, स्वाध्याय, अधिक वाचन. सोबत तासांचा हिशेब. एका श्रेयांकाला (क्रेडिटला) विद्यार्थ्याचे ३० तास, म्हणजे ४ श्रेयांकांच्या विषयाला १२० तास, आणि त्यात वाचन, स्वाध्याय, संपर्कसत्र सगळे आले. लेखकाला किती लिहावेसे वाटते याला इथे किंमत नाही, विद्यार्थ्याला किती वेळ आहे याला आहे.

साचा भरणे सोपे, पाळणे अवघड. दुसऱ्या वर्षाच्या कॉस्टिंगमधले, म्हणजे उत्पादनखर्चाच्या हिशेबातले, उदाहरण घ्या. स्थिर खर्च १,२०,००० रुपये, एका नगाची विक्री किंमत ५० रुपये, बदलता खर्च ३० रुपये. ना नफा-ना तोटा बिंदू काढा. बऱ्याच मॉड्यूलमध्ये घटकाच्या शेवटी उत्तर असते: ६,००० नग. बस. ज्याचे बरोबर आले त्याला त्याची गरज नव्हती आणि ज्याचे चुकले त्याला त्यातून काही कळत नाही. आता त्याखाली दोन ओळी वाढवा. उत्तर २,४०० आले असेल तर तुम्ही स्थिर खर्चाला विक्री किमतीने भागले. ४,००० आले असेल तर बदलत्या खर्चाने. भागायचे आहे दोहोंतल्या फरकाने, म्हणजे २० रुपयांच्या अंशदानाने. झाले. क्राउडरचे यंत्र दोन ओळींत उतरले, तेही इंटरनेटशिवाय. पण या दोन ओळी लिहायला लेखकाला मुले नेमकी कुठे चुकतात ते ठाऊक हवे, आणि ते वर्ग घेणाऱ्या शिक्षकालाच ठाऊक असते. शिक्षकाने स्वतः केलेल्या मॉड्यूलची खरी ताकद ही. ती फार कमी वेळा वापरली गेली.

‘प्रगती तपासा’च्या चौकटीचेही तसेच. दहा ओळींच्या उत्तराचा प्रश्न आणि खाली ठिपक्यांच्या दोन रेषा असल्या की विद्यार्थ्याला इशारा मिळतो: हे लिहिण्यासाठी नाही, शोभेसाठी आहे. उत्तर त्याच पानाच्या तळाशी असले तर प्रश्न वाचायच्या आत नजर तिकडे जाते. भाषेतही गंमत होते. पहिल्या पानावर ‘विद्यार्थी मित्रहो’ म्हणून जवळीक साधायची आणि दुसऱ्या पानापासून इंग्रजी पाठ्यपुस्तकाचा शब्दशः अनुवाद. पारिभाषिक शब्द कोशातला आणि परीक्षेच्या तयारीला मुले वापरतात तो इंग्रजी; दोन्ही पहिल्या उल्लेखात शेजारी शेजारी दिले की निम्मी अडचण संपते.

मग मार्च २०२० आला. महाराष्ट्रात कॉलेजे बंद झाली ती, फेब्रुवारी २०२१मधली थोडी उघडीप सोडली, तर २० ऑक्टोबर २०२१पर्यंत नीट उघडली नाहीत. त्याआधीच्या, २०१७-१८च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत ग्रामीण भागातल्या १४.९ टक्के आणि शहरी भागातल्या ४२ टक्के घरांत इंटरनेटची सोय आढळली होती. रोजचा थेट तास सगळ्यांना परवडणारा नव्हता, म्हणून वाचून शिकायचे साहित्य पुढे आले.

शिक्षकांनीच मॉड्यूल करण्याचा सर्वांत मोठा प्रयोग फिलिपिन्समध्ये झाला. तिथे शाळांचे वर्ष ५ ऑक्टोबर २०२० रोजी सुरू झाले ते मुख्यतः छापील मॉड्यूलच्या जोरावर, आणि कॉलेजांतही विषय शिकवणाऱ्यानेच मॉड्यूल लिहून कागदावर, पेनड्राइव्हवर किंवा मेसेंजरवरून पोचवायचे ही रीत पडली. घाईची किंमतही लगेच दिसली. साहित्यातल्या चुका लोकांना कळवता याव्यात म्हणून तिथल्या शिक्षण खात्याला ‘एरर वॉच’ नावाची वेगळी सोय उघडावी लागली. शिक्षकांच्या पात्रतेचा इथे प्रश्नच नव्हता. लेखक, संपादक, मुद्रितशोधक आणि तपासनीस हे चारही एकच माणूस असला की चूक त्याच्या डोळ्यांना दिसतच नाही.

आपल्याकडे मॉड्यूल म्हणजे बहुधा वर्डमध्ये टाइप केलेली पीडीएफ, नाहीतर हस्तलिखित नोट्सचे फोटो. इथे तांत्रिक अडचणींनी घात केला. ए-४ पान २१ सेंटिमीटर रुंद, मोबाइलचा पडदा सुमारे ७. पान तिप्पट लहान होते, म्हणजे १२ पॉइंटचे अक्षर ४ पॉइंटचे. त्या आकारात रफार आणि अनुस्वार वेगळे ओळखू येत नाहीत. मोठे करावे तर प्रत्येक ओळ डावी-उजवीकडे सरकवत वाचायची. तेच पान ए-५ आकारात, १६ पॉइंटमध्ये केले तर पडद्यावर अक्षर साडेसात पॉइंटच्या आसपास पडते आणि आडवे सरकवावे लागत नाही. नोट्सच्या चाळीस पानांचे फोटो दोन-तीन एमबीचे धरले तर फाइल ८० ते १२० एमबीची. त्या वेळी व्हॉट्सअॅपवर एका फाइलची मर्यादा १०० एमबी होती. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेली वर्ड फाइल तशीच पाठवली की मुलांच्या मोबाइलवर मराठीऐवजी रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी उघडते. पीडीएफ करताना फॉन्ट आत बसवला तर दिसते, पण त्यात शब्द शोधता येत नाही.

आणि पाने. पाच विषय, दर आठवड्याला प्रत्येकी चाळीस पाने. एका पानाला सहा मिनिटे धरली तरी नुसत्या वाचनाचे वीस तास. ३० तासांना एक श्रेयांक हा हिशेब मुक्त विद्यापीठांत रुळलेला होता, नियमित कॉलेजातल्या प्राध्यापकाला तो मांडायची कधी वेळच आली नव्हती. तिथे घड्याळ सांभाळायला तासाची घंटा होती.

या सगळ्यावर विद्यार्थ्यांचे मत विचारले गेले ते रेन्सिस लिकर्ट यांनी १९३२मध्ये दिलेल्या, ‘पूर्ण सहमत’ ते ‘पूर्ण असहमत’ अशा मोजपट्टीने. पट्टी चांगली आहे, वापर ढिला. फॉर्म ऑनलाइन, त्यामुळे ज्याच्याकडे नेट नाही तो आधीच बाहेर. फॉर्म पाठवणारे तेच सर, ज्यांच्या हातात अंतर्गत गुण. ‘भाषा सोपी व मांडणी आकर्षक आहे’ अशी एका विधानात दोन विधाने. सहमती नेमकी कशाला? मग सरासरी पाचपैकी चारच्या घरात येते आणि मॉड्यूल यशस्वी ठरते. ‘परीक्षेला उपयोगी’ हा शेराही जपून वाचायला हवा. झेरॉक्सच्या दुकानातले गाईडही परीक्षेला उपयोगीच असते, आणि मुले मॉड्यूलची तुलना मनात त्याच्याशीच करत असतात.

त्यापेक्षा चार साधे प्रश्न जास्त सांगतात. हा घटक संपवायला किती वेळ लागला? कोणत्या पानावर थांबलात? कोणता प्रश्न न लिहिता पुढे गेलात? स्वाध्याय परत आला का, आणि त्यावर गुणांखेरीज काय लिहिले होते? तीस मुलांनी ही उत्तरे दिली आणि बारा जण एकाच पानावर थांबलेले निघाले, तर ते पान दुरुस्त करता येते. सरासरी ३.९ आली म्हणून कोणतेच पान दुरुस्त करता येत नाही.

मे २०२१मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने मिश्र पद्धतीचा मसुदा काढला. त्यात प्रत्येक विषयाचा ४० टक्क्यांपर्यंत भाग ऑनलाइन शिकवण्याची कल्पना होती, म्हणजे मॉड्यूल तात्पुरते राहिले नाही. प्राध्यापकांच्या बढतीच्या २०१८च्या नियमांत ई-साहित्याच्या एका मॉड्यूलला ५ गुण आहेत, पण ते चार भागांचे हवे: दृक्श्राव्य धडा, वाचनसाहित्य, चर्चा, मूल्यमापन. नुसती पीडीएफ त्यात बसत नाही. ती सुधारायला ना गुण, ना तास, ना संपादक. मग ती पुढच्या बॅचच्या ग्रुपवर जाते ती पहिल्या पानावरचे वर्ष बदलून, आणि सतराव्या पानावरचे चुकलेले उत्तर तसेच घेऊन.