गॉथिक कॅथीड्रल : आराखडा व बांधणी

साधारणतः बाराव्या शतकाच्या मध्यापासून सोळाव्या शतकाच्या आरंभापर्यंत पश्चिम व मध्य यूरोपात उभारलेल्या बिशपपीठांच्या चर्चवास्तूंची रचनापद्धती. टोकदार कमान, फासळ्यांचे कमानछत आणि भिंतीला बाहेरून तोलणारा अधांतरी धीरा (फ्लाइंग बट्रेस) ही तिची तीन अंगे सर्वपरिचित आहेत. या नोंदीत भर उत्तर फ्रान्सवर असून इंग्लंड, जर्मनी व मिलान यांचा विचार अनुषंगाने केला आहे. मुंबईतील अफगाण चर्च, राजाबाई मनोरा यांसारख्या एकोणिसाव्या शतकातील पुनरुज्जीवित गॉथिक वास्तू येथे अभिप्रेत नाहीत. त्यांनी रूप उचलले, बांधणीची रीत मात्र त्यांच्याच काळाची राहिली.

उगम : शैलीचा आरंभ पॅरिसजवळच्या सँ-दनी मठाच्या चर्चपासून धरण्याचा प्रघात आहे. मठाधिपती सुझेर याने तेथील पश्चिम दर्शनी भाग ११४० मध्ये आणि पूर्वेकडील गायनदालन (क्वायर, म्हणजे वेदीजवळचा भाग) ११४४ मध्ये पूर्ण करवून घेतले. साँस येथील कॅथीड्रलचे कामही जवळपास त्याच सुमारास सुरू झाले असावे. त्यामुळे एकाच वास्तूला जन्मस्थानाचा मान देणे अलीकडच्या अभ्यासकांना फारसे रुचत नाही.

तिन्ही अंगे सुटी सुटी पाहिली तर याहून जुनी आहेत. टोकदार कमान कैरोच्या इब्न तुलून मशिदीत (सु. ८७९) सर्रास दिसते. इटलीतील मॉन्ते कास्सिनोच्या मठामार्गे (नवे चर्च १०७१) ती बर्गंडीतील क्ल्यूनीच्या तिसऱ्या चर्चपर्यंत (आरंभ १०८८) पोहोचली, असे एक मत आहे; गवंड्यांनी ती स्वतंत्रपणे शोधली, असे दुसरे. इस्लामी जगाशी असलेला व्यापार आणि यात्रा ध्यानात घेता पहिले मत अधिक संभाव्य वाटते. तथापि आकार ठाऊक असणे आणि छताचा प्रश्न सोडवण्यासाठी तो वापरणे या दोन पायऱ्या आहेत. दुसरी पायरी इंग्लंडमध्ये डरॅम येथे (१०९३–सु. ११३३) स्पष्ट दिसते. तेथे फासळ्यांचे कमानछत आहे, मध्यदालनात (नेव्ह, म्हणजे मधल्या लांब दालनात) आडव्या टोकदार कमानी आहेत आणि बाजूच्या दालनांच्या छपराखाली पाव वर्तुळाच्या आधारकमानीही दडलेल्या आहेत.

टोकदार कमानीचा फायदा भूमितीचा आहे. अर्धवर्तुळाकार कमानीची उंची तिच्या रुंदीने ठरून जाते. आयताकृती खणाच्या लांब बाजूवर, आखूड बाजूवर आणि कर्णावर अशा कमानी टाकल्या की त्यांचे माथे वेगवेगळ्या उंचीवर येतात. टोकदार कमान हवी तेवढी उंच किंवा बसकी करता येते, म्हणून सगळे माथे एका पातळीवर आणता येतात. शिवाय तिचा बाहेरच्या बाजूचा रेटाही कमी असतो.

अधांतरी धीऱ्याच्या कालनिश्चितीवर मात्र एकमत नाही. पॅरिसच्या नोत्र दामच्या (आरंभ ११६३) मध्यदालनात तो सु. ११८० मध्ये प्रथम आला, असे पूर्वी ठामपणे सांगितले जाई. त्याच वास्तूच्या आधी बांधलेल्या गायनदालनात तो असावा, असे मानणारा पक्ष आता बळावला आहे. तेराव्या शतकातील फेरबदल आणि एकोणिसाव्या शतकातील दुरुस्त्या यांमुळे मूळ पुरावा बराचसा पुसला गेला आहे. शार्त्र येथे, ११९४ च्या आगीनंतरच्या पुनर्बांधणीत, धीरा सुरुवातीपासूनच आराखड्याचा भाग होता, एवढे मात्र सर्वमान्य आहे.

फासळ्यांचा वाद : फ्रेंच वास्तुकार व्ह्योले-ल-द्यूक याने एकोणिसाव्या शतकात मांडलेल्या उपपत्तीनुसार फासळ्या हा सांगाडा आणि त्यांमधील पातळ दगडी पडदे हे केवळ भरण. फ्रेंच वास्तुकार पोल आब्राआम याने १९३४ मध्ये तिला छेद दिला. त्याच्या मते फासळ्या ही बव्हंशी सजावट असून पडदे स्वतःच्या वक्रतेने उभे राहतात. पहिल्या महायुद्धाच्या तोफमाऱ्यात काही ठिकाणी फासळ्या गळून पडल्या तरी पडदे टिकले. उलट घडल्याचीही उदाहरणे आहेत. दोन्ही पक्षांनी आपापल्या सोयीची उदाहरणे पुढे केली. सुझेरच्या लेखनात एक उल्लेख आहे : पडदे भरण्याआधीच वादळ आले, नुसत्या फासळ्या हेलकावल्या, पण कोसळल्या नाहीत. तो हे चमत्कार म्हणून सांगतो. अभियंत्याला त्यातून निदान बांधणीचा क्रम तरी कळतो.

ब्रिटिश अभियंता जॅक हेमन याच्या विश्लेषणानंतर वादाची धार बोथट झाली. दगडकामात ताण पेलण्याची शक्ती जवळजवळ नसते. दाबाची मर्यादा मात्र इतकी मोठी असते की या वास्तू तिच्या आसपासही जात नाहीत. साहजिकच स्थैर्य दगडाच्या ताकदीपेक्षा आकारावर अवलंबून राहते. भाराची रेषा भिंतीच्या आणि कमानीच्या जाडीच्या आत राहिली की पुरे. फासळी ही पडद्यांच्या घडीवर, जेथे दाब एकवटतो तेथे बळकटी देते, दोन पडद्यांचा ओबडधोबड सांधा झाकते आणि बांधताना ढोल्याचे, म्हणजे कमानीखालच्या तात्पुरत्या लाकडी आधाराचे, काम हलके करते. प्रस्तुत नोंदीत हेच मत ग्राह्य धरले आहे.

आराखडा : स्थैर्य आकारावर ठरत असल्याने केवळ प्रमाणांचे नियम पाळूनही सुरक्षित वास्तू उभी राहू शके, आणि मध्ययुगीन प्रमुख गवंड्याजवळ तेच होते. भारगणित नव्हते. कर्कटक, गुण्या, दोरी आणि मापनकाठी यांवर तो एक चौरस किंवा समभुज त्रिकोण घेई आणि पुढची मापे त्यातून काढत जाई. रेगेन्सबुर्गचा माथेस रोरित्सर याने १४८६ मध्ये छापलेल्या पुस्तिकेत लहान शिखराची रीत दिली आहे. चौरसाच्या बाजूंचे मध्यबिंदू जोडून आत दुसरा चौरस काढायचा, त्याच्या आत तिसरा. दर खेपेस क्षेत्रफळ निम्मे होते. हेच चौरस फिरवून एकावर एक रचले की तळाच्या नकाशातून उभा छेद निघतो. ही गुपिते गवंडीसंघ जिवापाड जपत, ही समजूत रोरित्सरने ती छापून टाकल्यामुळे काहीशी लटकी पडते.

प्रमाणात काढलेली चर्मपत्रावरची रेखाटने तेराव्या शतकाच्या मध्यापासून आढळतात. रँस येथील पुसून पुन्हा वापरलेल्या चर्मपत्रावरील आकृत्या सर्वांत जुन्यांपैकी आहेत. कोलोनच्या दर्शनी भागाचे सु. १३०० च्या आसपासचे रेखाटन तर सुमारे चार मीटर उंच आहे. व्हिलार द ऑनकूर याची तेराव्या शतकाच्या पूर्वार्धातील रेखाटनवही बहुचर्चित आहे. तो स्वतः वास्तुकार होता, हे गृहीतक मात्र आता डळमळीत झाले आहे. प्रत्यक्ष कामासाठी पूर्ण आकाराची आखणी जमिनीवर करत. यॉर्क आणि वेल्स येथे अशा आखणीच्या गिलावा केलेल्या जमिनी टिकून आहेत. तिच्यावरून लाकडी फर्मे कापत आणि पाथरवट फर्म्याबरहुकूम दगड घडवत. कँटरबरीचा गर्व्हेस हा मठवासी इतिवृत्तकार याला साक्षी आहे : ११७४ च्या आगीनंतर बोलावलेल्या साँसच्या विल्यमने फर्मे कोरक्यांच्या हाती दिले आणि जहाजांतून दगड चढवण्या-उतरवण्याची यंत्रेही बनवली. हाच विल्यम ११७८ मध्ये परांचीवरून पडून जायबंदी झाला. पुढे दुसऱ्या, इंग्रज विल्यमने काम पुरे केले.

मिलानमधील वादाची कागदपत्रे विशेष मोलाची आहेत. १३८६ मध्ये सुरू झालेल्या तेथील कॅथीड्रलची रुंदी ९६ ब्राच्चा (लांबीचे एक इटालियन माप) होती. उंची किती असावी हे ठरेना. १३९१ मध्ये गणिती स्तोर्नालोको याने समभुज त्रिकोणांवरून ८४ ही उंची सुचवली. नेमका आकडा अपूर्णांकात येत होता, तो त्याने सोयीसाठी पूर्ण केला. जर्मनीहून आलेल्या हाइन्रिख पार्लरला चौरसाचे प्रमाण हवे होते. स्थानिकांनी दोन्ही डावलून उंची आणखी कमी केली. १४०० च्या सुमारास पॅरिसच्या झां मिन्यो याने धीरे अपुरे असल्याची तक्रार करत ‘शास्त्रावाचून कला व्यर्थ’ असे सुनावले. टोकदार कमानी धीऱ्यांवर रेटा देतच नाहीत, हे स्थानिकांचे उत्तर होते. ते साफ चूक होते. इमारत मात्र उभी आहे. ‘शास्त्र’ म्हणताना मिन्योलाही प्रमाणांची भूमितीच अभिप्रेत होती, हे विसरता कामा नये.

बांधणी : काम बहुधा पूर्वेकडून सुरू करत, म्हणजे वेदीचा भाग लवकर उपासनेसाठी मोकळा होई. आम्यांला (आरंभ १२२०) मात्र मध्यदालन आधी झाले. भिंती वर चढत तसतशी परांची भिंतीतच भोके ठेवून रोवत. छपराचा लाकडी सांगाडा सहसा कमानछताच्या आधी चढवत, जेणेकरून छताचे काम पावसापासून झाकलेले राही. दगड माणसांनी पायांनी फिरवायच्या चाकयारीने वर नेत. कोलोनच्या अपुऱ्या दक्षिण मनोऱ्यावर अशी मध्ययुगीन यारी १८६८ पर्यंत होती. चुना सावकाश घट्ट होई आणि थंडीत गोठे, म्हणून हिवाळ्यात रचाई थांबवून भिंतींचे माथे गवताने व शेणखताने झाकत. पाथरवटांचे काम झोपडीवजा कर्मशाळेत चालू राही. लांबच्या वाहतुकीसाठी जलमार्गच परवडे. कँटरबरीचा बराच दगड नॉर्मंडीतील कां येथून समुद्रमार्गे आला.

लोखंडाचा वापर पूर्वी दुय्यम समजला जाई. २०१९ च्या आगीनंतर नोत्र दाममध्ये झालेल्या तपासणीत ११६० च्या दशकापासून दगड जोडणाऱ्या लोखंडी पट्ट्या सापडल्याने ते मत सोडावे लागले.

प्रमुख गवंड्याची प्रतिष्ठा तेराव्या शतकात वाढली. रँसच्या ह्यूग लिबेर्झ्ये (मृत्यू १२६३) याच्या समाधिशिळेवर तो मापनकाठी आणि वास्तूची प्रतिकृती घेऊन उभा आहे. मजूर, चुनाभट्टीवाले, गाडीवान यांच्याविषयी जमाखर्चाच्या वह्यांपलीकडे थोडेच हाती लागते, आणि अशा सलग वह्या बहुतांशी चौदाव्या शतकापासूनच्या आहेत.

अपयश : बोव्हे येथे (आरंभ १२२५) गायनदालनाचे छत सुमारे ४८ मीटरवर नेले, ते १२७२ मध्ये पूर्ण झाले आणि १२८४ मध्ये त्याचा काही भाग कोसळला. जोडखांबांतील असमान दबण्यापासून वाऱ्याने धीऱ्यांत पडलेल्या भेगांपर्यंत अनेक कारणे सुचवली गेली आहेत. केवळ अतिउंची हे जुने स्पष्टीकरण आता कोणी पुरेसे मानत नाही. दुरुस्तीत मधे नवे खांब घातले गेले. पुढे मध्यावर उभारलेला मनोरा १५७३ मध्ये पडला, आणि मध्यदालन बांधायचे राहूनच गेले.

खर्च : निधी धर्ममंडळाच्या जमिनींचे उत्पन्न, देणग्या, पापक्षमापत्रे आणि संतांचे पवित्र अवशेष घेऊन काढलेल्या फेऱ्या यांतून येई. तो आटला की काम थांबे. रँस येथे १२३३ च्या सुमारास नगरवासीयांनी बंड केल्याने काम खोळंबले. कोलोनचे काम १२४८ मध्ये सुरू होऊन सोळाव्या शतकात बंद पडले. १८१४ व १८१६ मध्ये दोन तुकड्यांत सापडलेल्या वर उल्लेखिलेल्या रेखाटनाच्या आधारे मनोरे उभारून ते १८८० मध्ये पूर्ण करण्यात आले. त्या टप्प्यातील छपराचा सांगाडा लोखंडी आहे.