चांदीच्या ड्रेसिंगने जुनी जखम लवकर भरते का?

"चांदीचं ड्रेसिंग लावा, लवकर भरेल." पायाची जखम महिनोन्‌महिने चिघळत असली की हा सल्ला पुण्यात सर्रास मिळतो. पेन्शनवर घर चालवणारे आजी-आजोबाही मग पदरमोड करून ते आणतात, याचं वाईट वाटतं.

चांदीचे आयन जंतू मारतात, हे खरं. पण जंतू मरणं वेगळं, जखम भरणं वेगळं. ब्रिटनमधल्या व्हल्कन चाचणीत (२००९) शिरांच्या विकाराने पायाला जखमा झालेले २१३ रुग्ण होते. दाबपट्टीखाली काहींना चांदीचं ड्रेसिंग लावलं, काहींना साधं, न चिकटणारं. १२ आठवड्यांनी भरलेल्या जखमा: चांदीवाल्यांत सुमारे ६० टक्के, साध्यात ५७. फरक नगण्य, खर्च मात्र जास्त.

अशा जखमेत खरं काम दाबपट्टीचं. घोट्याशी घट्ट, गुडघ्याकडे जाताना सैल. त्याआधी पायाचा रक्तपुरवठा तपासायलाच हवा. मधुमेहींच्या तळव्याच्या जखमेवरचा भार काढावा लागतो. त्याच पायावर चालत राहिलात, तर ड्रेसिंग कितीही महागाचं असो, उपयोग नाही.

जंतुसंसर्ग असेल तर डॉक्टर दोनेक आठवडे चांदी सुचवतीलही. ती कधी थांबवायची, हे तेव्हाच विचारून घ्या.