इंजिनाचा एचपी आणि पीटीओचा एचपी: द्राक्षबागेसाठी कुठला बघायचा?

तासगाव, कवठेमहांकाळ भागात नवीन ट्रॅक्टरचा विषय निघाला की आधी रंगावरून भांडण लागतं. आजोबांनी लाल घेतला म्हणून नातू निळ्याकडं बघतही नाही. स्वराज २००७ पासून महिंद्राच्याच घरात आहे, आयशरचे ट्रॅक्टर २००५ साली मॅसी बनवणाऱ्या टॅफेने घेतले, हे सांगूनही पारावरचं भांडण मिटत नाही. न मिटो, चहा चांगला जातो. पण त्या नादात एचपी कुठला विचारायचा तेच राहून जातं.

इंजिनाचा एचपी सगळ्यांना पाठ असतो. फक्त बॉनेटवरचा ५७५ किंवा ७४४ हा मॉडेलचा नंबर आहे, ताकदीचा आकडा नव्हे. हे मला अजूनही सांगावं लागतं!

पीटीओ म्हणजे ट्रॅक्टरच्या मागं फिरणारा खाचांचा दांडा. रोटर, ब्लोअर (पंख्याच्या हवेनं औषध फवारणारं यंत्र), मळणी मशीन सगळं त्याच्यावर चालतं. इंजिनाची ताकद गिअर, तेलाचा पंप यांना वाटा देत देत तिथवर पोचते. त्यामुळं ४५ एचपीच्या ट्रॅक्टरला मागं साधारण ३८ ते ४१ एचपी उरतो. ही गळती मॉडेलप्रमाणे बदलते, आणि इंजिनाच्या आकड्यावरून ती कळत नाही.

आमच्या मामांनी बागेसाठी छोटा ट्रॅक्टर घेतला तो इंजिनाचा आकडा बघूनच. छाटणीनंतरच्या फवारणीला ब्लोअर जोडून, टाकी भरून चढाच्या ओळीत घातला, तर आवाज बसला आणि काळा धूर निघाला. मी मांडवाच्या आतलं पान उलटून बघितलं. वरून ओलं, खालून कोरडं. आणि डाऊनी, म्हणजे केवडा रोग, तर पानाच्या खालच्याच बाजूला वाढतो. झालं काय, तर इंजिन दबलं की पीटीओचे मिनिटाला ५४० फेरेही घसरतात. पंख्याचे फेरे १० टक्के कमी झाले तर हवेची ताकद जवळपास २७ टक्के कमी होते. औषध तेवढंच पडतं, पण आत जात नाही. मामा महिनाभर औषधवाल्याला शिव्या देत होते.

म्हणून पीटीओचा एचपी किती हे विचारलं की दुसरा प्रश्नही विचारा: ५४० फेरे इंजिनाच्या किती आरपीएमवर (मिनिटाच्या फेऱ्यांवर) मिळतात? इकॉनॉमी पीटीओत ते कमी आरपीएमवर मिळतात आणि डिझेल वाचतं. पण तिथं इंजिनाची ताकदही कमी असते. हलक्या कामाला उत्तम. मोठ्या ब्लोअरला लावून डिझेल वाचवणाऱ्यांपुढं मी हात टेकलेत.

फडातून कारखान्यावर उसाच्या ट्रॉल्याच ओढायच्या असतील तर पीटीओ विसरा. वजन, टायर आणि ब्रेक बघा.

डेमोला स्वतःचा ब्लोअर जोडा, टाकी काठोकाठ भरा आणि चढाचीच ओळ द्या. मध्य प्रदेशात बुधनीला सरकारी चाचणी केंद्र आहे. तिथल्या अहवालात पीटीओची मोजलेली ताकद लिहिलेली असते. तो मागितला की शोरूममधला पोरगा आधी कीचेन देतो, मग कॅलेंडर. तिसऱ्यांदा मागा.