आडनावात ओलाफ, रक्तात कोण?

उत्तर आयर्लंडमधल्या फर्मॅना परगण्यात अर्न नावाचं मोठं सरोवर आहे. त्यातल्या एका बेटावर पंधराव्या शतकाच्या अखेरीस काहाल ओग मॅक माग्नुसा या विद्वान धर्मगुरूने जुन्या नोंदी गोळा करवून एक मोठी बखर सिद्ध करून घेतली. ‘अल्स्टरची बखर’ ती हीच. इ.स. 795 मध्ये व्हायकिंग, म्हणजे स्कँडिनेव्हियातले दर्यावर्दी लुटारू, आयर्लंडच्या किनाऱ्यावर पहिल्यांदा चालून आले, पुढे त्यांनी मठ लुटले, माणसं गुलाम म्हणून पळवली, हे सगळं तिच्यात वर्षावर्षाने नोंदलेलं आहे. आणि ही बखर घडवणाऱ्याच्या आडनावातच व्हायकिंगांचं एक नाव बसलंय. मॅक माग्नुसा, म्हणजे माग्नुसचा मुलगा. आजच्या इंग्रजी वळणाने मॅकमॅनस.

माग्नुस हे नॉर्वेच्या राजांचं नाव. तिथल्या पहिल्या माग्नुस राजाला ते शार्लमेन सम्राटाच्या ‘माग्नुस’ या लॅटिन बिरुदावरून ठेवलं गेलं, असं नॉर्स, म्हणजे जुन्या स्कँडिनेव्हियन लोकांची, परंपरा सांगते. पण फर्मॅनाचे मॅकमॅनस नॉर्वेहून आलेले नाहीत. ते तिथल्या मॅग्वायर या गेलिक, म्हणजे मूळ आयरिश भाषा-संस्कृतीच्या, सरदार घराण्याचीच शाखा. घराण्यातल्या एका मुलाचं नाव माग्नुस ठेवलं गेलं आणि पुढच्या पिढ्यांनी तेच आडनाव म्हणून लावलं. फडणवीस या आडनावातला ‘नवीस’ फारसी आहे म्हणून ते घराणं इराणहून आलं असं आपण म्हणत नाही, तसंच हे.

शत्रूचं नाव आपल्या मुलाला कोण ठेवील? पण शत्रुत्वाचं चित्र फार लवकर बदललं होतं. 841 मध्ये डब्लिनला व्हायकिंगांचा कायमचा तळ पडला आणि लुटारूंचे व्यापारी, भाडोत्री सैनिक, व्याही झाले. डब्लिनचा नॉर्स राजा सित्रिक हे त्याचं ठळक उदाहरण. त्याची आई गॉर्मली ही आयरिश राजकन्या. तिने पुढे ब्रायन बोरू या आयरिश राजाशी लग्न केलं आणि ब्रायनची मुलगी स्लाने सित्रिकला दिली गेली. 1014 च्या क्लॉन्टार्फच्या लढाईत ब्रायन ज्याच्या फौजेशी लढताना मारला गेला, तो त्याचा जावईही होता आणि सावत्र मुलगाही. अशा गोतावळ्यात नावांची देवाणघेवाण होणारच. नेमक्या याच काळात, दहाव्या-अकराव्या शतकात, आयर्लंडमध्ये वंशपरंपरागत आडनावं रुळत होती, युरोपातल्या बहुतेक देशांच्या आधी. ‘मॅक’ म्हणजे मुलगा, ‘ओ’ म्हणजे नातू किंवा वंशज. त्यामुळे त्या वेळी प्रचारात असलेली नॉर्स नावं आडनावांत कायमची अडकली.

अडकली, पण ओळखू न येण्याइतकी बदलून. नॉर्स ओलाफचं गेलिकमध्ये ‘औलीव्ह’ झालं. मग इंग्रज कारकुनांनी कानाला ऐकू आलं तसं लिहिलं: दक्षिणेत, कॉर्क परगण्यात, मॅकऑलिफ आणि उत्तरेत मॅकॉली. ‘मॅक’मधला शेवटचा क तर अनेकदा पुढच्या नावाला जाऊन चिकटला. ओटारचा मुलगा तो मॅकॉटर. पुढे ‘मॅ’ गळून पडला आणि उरलं नुसतं कॉटर. इव्हारचा मुलगा मॅकीव्हर, सित्रिकचा मॅकिट्रिक. लीट्रिम परगण्यातले रेनल्ड्स तर अस्सल इंग्रज वाटतात, पण ते मुळात मॅक राग्नल, म्हणजे नॉर्स रोग्नवाल्ड. उलटी फसगतही होते. वेस्टमीथ परगण्यातल्या मॅकॉलींचा ओलाफशी काही संबंध नाही. त्यांचं आडनाव औली या जुन्या गेलिक नावावरून आलंय. म्हणून नुसत्या स्पेलिंगवर जाऊ नये, घराणं कुठल्या परगण्यातलं ते आधी विचारावं.

डॉयल हे आयर्लंडमधलं अतिशय प्रचलित आडनाव. ते ‘डुव्हगाल’ या नावावरून आलं. अर्थ ‘काळा परका’; बखरींमध्ये व्हायकिंगांच्या एका गटाला असंच म्हटलंय. म्हणजे शब्द गेलिक, रोख नॉर्स माणसांवर. मॅकलॉक्लिनचंही तसंच: लॉक्लन म्हणजे व्हायकिंगांचा मुलूख. पण या आडनावाचं उत्तरेतलं घराणं गेलिक राजवंशातलं, आणि मीथमधल्या मॅकलॉक्लिनांची गोष्ट तर मला या सगळ्यात विलक्षण वाटते. त्यांचं खरं आडनाव ओ मेलाक्लिन, महाराजा मेल सेक्नलवरून पडलेलं. याच नावाच्या राजाने 980 मध्ये तारा या ठिकाणच्या लढाईत डब्लिनच्या नॉर्स सैन्याचा धुव्वा उडवला होता. काही शतकांनी उच्चार घासत घासत त्या घराण्याला मॅकलॉक्लिन हे आडनाव लागलं. व्हायकिंगांना हरवणाऱ्यांच्या वंशाला व्हायकिंगांच्या देशाचं नाव!

आडनाव आणि वाय गुणसूत्र, दोन्ही बापाकडून मुलाकडे जातात. त्यामुळे आडनावाचा दावा प्रयोगशाळेत तपासता येतो. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी 2006 मध्ये हेच केलं. नॉर्स मुळाची समजली जाणारी आडनावं लावणाऱ्या आयरिश पुरुषांचं वाय गुणसूत्र त्यांनी स्कँडिनेव्हियातल्या नमुन्यांशी ताडून पाहिलं. नॉर्स पितृवंशाची खूण जवळपास सापडलीच नाही. डब्लिन, वॉटरफर्डसारख्या ‘व्हायकिंग’ शहरांतही बहुसंख्य वस्ती स्थानिकांचीच असावी, या शक्यतेशी हा निष्कर्ष जुळतो.

मात्र वाय गुणसूत्र ही असंख्य पूर्वजांपैकी एकच रेघ. बापाचा बाप, त्याचा बाप, बस्स. 2017 मध्ये ‘आयरिश डीएनए ॲटलास’ या प्रकल्पाने सगळ्या गुणसूत्रांवरचा डीएनए तपासला, तेव्हा आयरिश लोकांमध्ये नॉर्वेशी, विशेषतः तिथल्या पश्चिम किनाऱ्याशी, नातं सांगणारा अंश दिसला. असं साम्य दोन्ही दिशांनी येऊ शकतं, कारण जहाजांतून आयरिश माणसंही उत्तरेकडे गेली, पुष्कळशी गुलाम म्हणून. आइसलँडच्या लोकांचे निम्म्याहून अधिक मातृवंश आयर्लंड-स्कॉटलंडकडे जातात, तर पितृवंश बहुतांशी नॉर्स आहेत. या बायकांबरोबर नावंही गेली. आइसलँडमधला न्याल म्हणजे आयरिश नीअल, कोर्माक म्हणजे कॉर्मक. क्यार्तान हे नावही मूळचं आयरिश, आणि तिथे ते आजही मुलांना ठेवलं जातं.