दुर्बिणीचं ऑपरेशन, पोट उघडून केलेलं ऑपरेशन आणि शरीरावरचा ताण : पार्श्वभूमी

आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन ठरलं की सोलापुरात नातेवाइकांचा पहिला प्रश्न असतो, "दुर्बिणीतून होईल का?" धाराशिव, विजयपूर, कलबुर्गीकडून इथे येणारेही हेच विचारतात. भोकं छोटी म्हणजे शरीराला त्रास कमी, हे आता सगळे धरूनच चालतात. ते बऱ्याच अंशी खरं आहे. पण ते सिद्ध होत असतानाच मध्ये वेगळाच वाद उभा राहिला आणि त्यात दहा वर्षं गेली.

मोठ्या जखमेनंतर शरीर स्वतःचेच स्नायू मोडून खातं, हे १९३०च्या दशकात ग्लासगोमध्ये हाडं मोडलेल्या रुग्णांच्या लघवीतला नायट्रोजन मोजताना लक्षात आलं (स्नायू मोडले की तो वाढतो). पुढे कॉर्टिसॉल, म्हणजे ताणात वाढणारं संप्रेरक, मोजता येऊ लागलं. १९९०च्या सुमारास इंटरल्युकिन-६ हे दाहाचा निरोप देणारं प्रथिन हाती आलं. ऑपरेशन जितकं मोठं तितकं हे रसायन रक्तात जास्त चढतं, आणि पाठोपाठ दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सीआरपी (यकृतात तयार होणारं, दाह दाखवणारं प्रथिन) वर जातं.

मोठ्या आतड्याचं ऑपरेशन दुर्बिणीतून केल्याची पहिली वृत्तं १९९१ची. पित्ताशयात दुर्बीण यशस्वी झाली होती, तेच इथेही होईल अशी सर्जनांची अपेक्षा होती. रक्ततपासण्यांनी ती निम्मीच पुरी केली. इंटरल्युकिन-६ आणि सीआरपी दुर्बिणीत सहसा कमी आढळलं. कॉर्टिसॉलमध्ये मात्र फारसा फरक दिसेना. कारण दोन्हींची वाट वेगळी आहे. इंटरल्युकिन-६ कापलेल्या, ओढलेल्या ऊतींमधून येतं. कॉर्टिसॉल मज्जातंतूंच्या निरोपावर चढतं, आणि तो निरोप छेद लहान असला तरी जातोच. आत आतडं सोडवावंच लागतं, शिवाय कार्बन डायऑक्साइड भरून पोट फुगवलेलं असतं.

आता तो वाद. १९९३-९४ मध्ये दुर्बिणीच्या भोकांच्या जागीच कॅन्सरच्या गाठी उगवल्याची वृत्तं येऊ लागली. युरोपातल्या एका छोट्या मालिकेत १४ पैकी ३ रुग्णांत असं घडलं होतं. पोट उघडून केलेल्या ऑपरेशनमध्ये जखमेत गाठ परतण्याचं प्रमाण एक टक्क्याच्या आसपास, तेव्हा धक्का बसणं साहजिक होतं. गॅसबरोबर पेशी उडतात, भोकाशेजारून गळणारा गॅस त्यांना बाहेर खेचतो, असे तर्क झाले. सगळ्यात साधा तर्क हाताळणीचा होता : गाठीला चिमटा लावला जातो, आणि कापलेलं आतडं पाच-सहा सेंटीमीटरच्या चिरेतून प्लास्टिकचं आवरण न लावता ओढून काढलं जातं. अमेरिकेतल्या तज्ज्ञांच्या संघटनेने सांगितलं की कॅन्सरसाठी दुर्बीण फक्त चाचणीचा, म्हणजे रुग्णांवरच्या तुलनात्मक अभ्यासाचा, भाग म्हणून वापरा. ब्रिटनमध्ये तर २००० साली अधिकृत सल्ला पोट उघडण्याच्याच बाजूने होता.

याच काळात दुसरी बाजूही तितक्याच जोरात मांडली जात होती. उंदरांवरच्या प्रयोगांत पोट उघडल्यावर गाठी जास्त वाढल्या, गॅस भरल्यावर कमी. म्हणून ताण कमी, प्रतिकारशक्ती शाबूत, सबब कॅन्सरही कमी परतेल, असा दावा होता. बार्सिलोनातल्या २००२च्या चाचणीने त्याला बळ दिलं. मोठ्या चाचण्यांत मात्र तसं दिसलं नाही. २००४ मध्ये अमेरिकेतल्या ८७२ रुग्णांचा निकाल आला : तीन वर्षांत कॅन्सर परतण्याचं प्रमाण दुर्बिणीत १६ टक्के, उघड्यात १८ टक्के, म्हणजे म्हणण्यासारखा फरक नाही. जखमेतल्या गाठी दोन्हीकडे एक टक्क्याहून कमी. भीतीही खरी ठरली नाही आणि आशाही. ब्रिटनने २००६ मध्ये सल्ला बदलला.

त्या थांबण्याला आजही काही जण वाया गेलेली वर्षं म्हणतात. मला ते पटत नाही. सीआरपी कमी आला म्हणून रुग्ण जास्त जगेल, असं गृहीत धरून कॅन्सरची शस्त्रक्रिया बदलणं चूक झालं असतं; थांबल्यामुळेच मोठ्या चाचण्या झाल्या आणि गाठ काढायची शिस्तही आली. गुदाशयाच्या कॅन्सरला दुर्बीण वापरावी का, हा वाद तर २०१५ मध्ये पुन्हा पेटला. तो अजून पूर्ण शमलेला नाही.

दरम्यान डेन्मार्कमध्ये नव्वदच्या दशकात दुसरीच वाट निघाली : पाठीच्या कण्याजवळ एपिड्युरल (बारीक नळीतून दिलेलं बधिरतेचं औषध), नाकातली नळी लवकर काढणं, त्याच दिवशी बसवणं, दुसऱ्या दिवशी चालवणं आणि खायला देणं. एपिड्युरलने कॉर्टिसॉल दबतं, इंटरल्युकिन-६ फारसं नाही. नेदरलँड्समधल्या ४०० रुग्णांच्या चाचणीत (२०११) दुर्बीण आणि ही काळजी एकत्र असली की दवाखान्यातला मुक्काम सर्वांत कमी, मध्यक (रांगेतल्या मधल्या रुग्णाचा आकडा) ५ दिवस. उघड्या ऑपरेशनचा ७. "गॅस सरला का?" हे विचारून मगच पाण्याचा घोट देण्याची आपल्या वॉर्डातली जुनी रीत या काळजीत बसत नाही, आणि ती सोडायला महागडं यंत्र लागत नाही.

हे सगळे आकडे पाश्चात्त्य आहेत. बार्शीत १९८७ पासून ग्रामीण कर्करोग नोंदणी चालू आहे, पण तिच्यात आतड्याचा कॅन्सर गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या तुलनेत कमीच. शिवाय आतडं बंद पडून पोट फुगलेल्या अवस्थेत आलेल्या रुग्णाचं पोट बहुतेक वेळा उघडावंच लागतं.

ताण मोजायच्या या संशोधनातली एक गोष्ट मात्र आता रोजच्या कामाची झाली आहे. तिसऱ्या-चौथ्या दिवशी सीआरपी दर लिटरला दीडशे मिलिग्रॅमच्या वर राहिला तर आतड्याचा जोड गळतोय का, हे बघावं लागतं. दुर्बिणीनंतर सीआरपी मुळातच कमी चढतो, म्हणून तिथे तोच आकडा जास्त गांभीर्याने घ्यायचा. सोलापुरातल्या कुठल्याही साध्या लॅबमध्ये ही तपासणी होते.